दोरी ओढा... आणि पुन्हा ओढा

नाशकात पाऊस कधी वेळेवर येतो, कधी नाही. आमच्या अंगणातलं गवत मात्र कधीच उशीर करत नाही. मृगाच्या दोन सरी पडल्या की आठवड्यात घोट्यापर्यंत येतं आणि त्याच आठवड्यात आमचं गवत कापायचं मशीन बंद पडतं. हा योगायोग नाही, हे मला यंदा कळलं. म्हणूनच हे लिहायला बसलोय.

आधी एक खुलासा. नाशकात 'लॉन' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लग्न येतं. गंगापूर रोडला निघालात की एकामागून एक 'लॉन्स' लागतात, आणि तिथे गवतापेक्षा गालिचेच जास्त असतात. आमचं लॉन तसलं नाही. घरापुढे वीस बाय तीस फुटांचा तुकडा, बस्स. आईनं १९८७ साली निफाडकडच्या माहेराहून हरळीच्या मुळ्या गोणपाटात बांधून आणल्या आणि उकिडवं बसून वीत वीत अंतरावर टोचल्या. पाण्याचे लाड नाहीत, खताचे नाहीत. उन्हाळ्यात पार वाळून पिवळी पडते, पावसात परत उठते. हरळीच ती!

गणपतीत आमच्याकडे दूर्वा विकत आणत नाहीत. कुंपणालगतचा हातभर पट्टा न कापता सोडायचा, त्यातल्या कोवळ्या दूर्वा खुडायच्या आणि बाकीचं सगळं एकसारखं कापायचं, ही आईची शिस्त. २०१९ मध्ये आई गेली. शिस्त बाबांनी चालू ठेवली. तेव्हा गवत कापणं हे आमच्या घरात नुसतं बागकाम नाही, हे लक्षात घ्या. नातेवाइकांना हे सांगायला नकोच, पण बाकीच्यांसाठी लिहिलं.

आता मशीनविषयी. (दुकानदार त्याला 'लॉन मूव्हर' म्हणतात. बराच वेळ ते एका जागचं हलत नाही, हा भाग वेगळा.)

पहिलं मशीन ढकलायचं होतं. दोन चाकं, मध्ये पिळदार पात्यांचा रूळ, खाली एक स्थिर पातं. ना वीज, ना पेट्रोल. बाबा सातपूरला एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. दर मे महिन्यात ते रूळ उलटा फिरवून पात्यांना ग्राइंडिंग पेस्ट लावायचे आणि कागदाचा तुकडा कात्रीसारखा कापला गेला की "झालं" म्हणायचे. पंचवीस वर्षं ते मशीन चाललं. शेवटी घर रंगवताना कुणीतरी ते गच्चीच्या जिन्यावरून पाडलं आणि बिडाची बाजूची प्लेट फुटली. मामाला तो दिवस आठवत असेल. बाबा जेवले नव्हते.

मग सुरू झाली नव्या मशीनांची परंपरा. पहिलं विजेचं. तिसऱ्या पावसाळ्यात मोटर जळली. मला वाटलं, त्यात काय, बांधून आणू. आपल्याकडे निफाड, दिंडोरी, पिंपळगाव, कुठेही जा, स्टँडच्या आसपास मोटर रिवाइंडिंगचं दुकान सापडतंच. शेतकऱ्याची विहिरीवरची मोटर जळली तर तो नवी घ्यायला धावत नाही. जळलेली गाडीत टाकतो, तारा बदलून आणतो आणि परत पाण्यात सोडतो. पण आमची मोटर बघून रिवाइंडिंगवाला म्हणाला, "साहेब, ही उघडायचीच नाही. उघडली तर परत बसणार नाही." सगळं प्लास्टिकमध्ये कायमचं बंद केलेलं. नवीन मोटरची किंमत विचारली, तर मशीनच्या किमतीच्या पाऊण!

दुसरं बॅटरीचं. हलकं, आवाज नाही, बाबा खूश. दोन वर्षांत बॅटरी संपली. दुकानात उत्तर मिळालं, "ते मॉडेल बंद झालं." मशीन ठणठणीत आणि बॅटरी मिळत नाही. ते अजून जिन्याखाली उभं आहे, येता-जाता पायाला लागतं.

तिसरं पेट्रोलचं, दोरी ओढून चालू करायचं. आता खरा मुद्दा.

यंदा जूनमध्ये एका सकाळी मी खिडकीतून पाहत होतो. बाबांनी मशीन बाहेर काढलं, पुसलं, टाकीत पेट्रोल घातलं आणि दोरी ओढली. फुर्र. पुन्हा ओढली. फुर्र. मी मोजत होतो, सतरा वेळा ओढली. मग ते पायरीवर बसले. मी बाहेर गेलो, तर स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत म्हणाले, "हातात जोर राहिला नाही रे आता. माझं वय झालं."

एकोणऐंशी वर्षांचा माणूस. उभं आयुष्य यंत्रांमध्ये गेलेलं. आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलं ते सांगणारा. आणि बिघाड मशीनमध्ये असेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांनी तो स्वतःमध्ये शोधला.

मीही दोरी ओढून पाहिली. पंचवीस वेळा. माझा खांदा दोन दिवस दुखत होता, पण मला फार आनंद झाला. कारण बाबांना सांगता आलं, "बाबा, माझ्यानंही होत नाही!"

मग सर्व्हिस सेंटर. फोन, तक्रार क्रमांक, परत फोन. मशीन घेऊन गेले ते तीन आठवडे आलं नाही. तोवर गवत गुडघ्यापर्यंत. पावसाळ्यात घराभोवती एवढं गवत वाढू देणं बरं नाही, सापकिरडूचं भय असतं. बाबा विळा घेऊन बसायला निघाले, पण गुडघे वाकत नाहीत. मी त्यांच्या हातातून विळा घेतला तेव्हा आमचं थोडं भांडणही झालं. मशीन परत आलं, आठ दिवस चाललं आणि पुन्हा फुर्र. फोनवरच्या मुलीनं विचारलं, "सर, वापरायची पद्धत बरोबर आहे ना?" मी फोन बाबांच्या हातात दिला नव्हता, हे नशीब.

शेवटी कोपऱ्यावरच्या स्कूटर दुरुस्तीवाल्याला हाक मारली. त्यानं कार्ब्युरेटर उतरवला, वाटीसारखा भाग उघडला आणि आतला पिवळट चिकटा बोटावर घेऊन दाखवला. "पावसाळा संपल्यावर पेट्रोल टाकीत तसंच ठेवलं होतं?" ठेवलं होतं. आठ महिने! पेट्रोल तसं पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो, मागे चिकटा राहतो आणि जेटचं केसाएवढं भोक बुजतं. २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतली ओल धरून ठेवतं. रोज पळणाऱ्या गाडीत पेट्रोल पडून राहत नाही, त्यामुळे तिला ही भीती कमी. वर्षातले आठ महिने झोपणाऱ्या मशीनला मात्र हे बाधतं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बहुधा प्लग बदलून, वरवर पुसून परत पाठवलं होतं. यानं तांब्याच्या बारीक तारेनं जेट मोकळा केला, टाकी धुतली, ताजं पेट्रोल घातलं. पाऊण तास लागला.

म्हणजे चूक आमचीही होती, हे कबूल करतो. मी नंतर माहितीपुस्तक काढून पाहिलं. हंगाम संपला की टाकी रिकामी करा, असं त्यात लिहिलेलं होतं. मधल्याच कुठल्यातरी पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, इंग्रजीत. 'मालकाने स्वतः मशीन उघडू नये' हे मात्र पहिल्याच पानावर, ठळक, चौकटीत! माझं भांडण नेमकं इथे आहे. जे आम्हाला कळायला हवं ते लपवायचं आणि जे आम्ही करू शकतो त्याची भीती घालायची.

गंमत बघा. हे मशीन ज्यानं पहिल्यांदा बनवलं तो एडविन बडिंग इंग्लंडमधल्या स्ट्राउड भागातला, कापड गिरण्यांच्या मुलखातला कारागीर. लोकरी कापडावरची लव कातरून सारखी करणारं यंत्र पाहून त्याला सुचलं की गवतही असंच कापता येईल. १८३० साली त्यानं पेटंट घेतलं. मागेपुढे करून हव्या त्या नटाला लावता येणाऱ्या पान्याची एक रचनाही त्याच्याच नावावर सांगतात. म्हणजे गवत कापायचं मशीन आणि ते उघडायचा पाना, दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून आले! आज मशीन मिळतं, पण पाना लावायला नट नसतो.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा मशीनवरून केवढं रामायण! पण फ्रान्सच्या सरकारला ते एवढंसं वाटलं नाही. तिथे २०२१ पासून काही वस्तूंवर 'ही दुरुस्त करायला किती सोपी' याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं. सुरुवातीला पाचच प्रकार निवडले होते: मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि... विजेचं गवत कापायचं मशीन! वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, केवढ्याला मिळतात, दुरुस्तीची माहिती देतात का, यावर गुण. हे वाचलं तेव्हा जिन्याखालच्या त्या बॅटरीवाल्या मशीनची मला आठवण झाली. किती मिळाले असते त्याला? मी दोन दिले असते. एक रंगाबद्दल.

आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं तिनं आधी घेतली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनाला, त्याचं पोर्टलही सुरू झालं. २०२५ मध्ये दुरुस्ती-गुणांकाचा अहवालही सरकारकडे गेला, मोबाइल आणि घरगुती उपकरणांसाठी. चांगलं आहे. पण गुण डब्यावर छापून ते सक्तीचे होईपर्यंत आपण काय करायचं?

माझं मत साधं आहे. मशीन कधीतरी बिघडणारच, त्याबद्दल तक्रार नाही. बाबांचं बिडाचं मशीनही दरवर्षी बोथट व्हायचं. पण ते बोथट झालं की बाबा ते धारदार करू शकत होते. भरवसा म्हणजे कधीच न बिघडणं नव्हे. बिघडलं तर आपल्या गावात, आपल्या ओळखीच्या माणसाच्या हातून, परवडेल अशा पैशात सुधारता येईल, ही खात्री म्हणजे भरवसा. शेतकऱ्याला हे कळतं, कारण त्याची मोटर तीन आठवडे बंद राहिली तर पीक जातं. आपण शहरातले लोक मात्र रंग बघतो, सूट बघतो, वॉरंटीची वर्षं मोजतो. वॉरंटी संपल्यावर काय, हे विचारायची आपल्याला लाज वाटते.

मी आता ठरवलंय, घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला तीन प्रश्न विचारायचे. याचा जो भाग सगळ्यात आधी झिजतो तो केवढ्याला मिळेल? तो नाशकात मिळेल का? आणि माझ्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला हे उघडता येईल का? दुकानदारानं तिसऱ्या प्रश्नावर नाक मुरडलं की नमस्कार करून बाहेर पडायचं. पैसे वाचतील म्हणून नाही. न उघडणारं यंत्र बंद पडलं की हाताशी करण्यासारखं काहीच राहत नाही, आणि मग चांगला जाणता माणूस स्वतःच्या हातांवर शंका घेऊ लागतो. त्याची किंमत कुठल्या बिलात धरायची?

असो. त्या संध्याकाळी स्कूटरवाला गेल्यावर बाबांनी दोरीला हात घातला. मी पुढे होणार होतो, पण थांबलो. पहिल्यांदा फुर्र झालं. दुसऱ्यांदा ओढली आणि मशीन लागलं! बाबा काही बोलले नाहीत. उजेड होता तोवर कापत राहिले. अंधार पडायच्या सुमारास मी बाहेर गेलो तेव्हा अंगण एकसारखं झालं होतं आणि कुंपणालगतचा हातभर पट्टा तसाच उंच उभा होता.

मग माझ्याकडून पेन मागून घेतला. टाकीच्या झाकणावर एक पांढरी पट्टी चिकटवली आणि टूलरूमच्या त्या जुन्या, सरळ अक्षरात लिहिलं: 'दसरा झाला की पेट्रोल काढणे.'

मराठीत. आणि मोठ्या अक्षरात.