माणसं मरायची थांबत नाहीत, मग शेअर का पडला?

दुधनीच्या बॅचमध्ये एका भावाने विचारलं, "सर, अंत्यविधीच्या कंपनीचा शेअर म्हणजे खात्रीचाच पैसा ना? मंदी नाही, सीझन नाही!"

माझं मत स्पष्ट आहे : नाही.

ब्रिटनची डिग्निटी कंपनी बघा. घरात दुःख असताना घासाघीस कोण करणार? तिथे अंत्यविधीचा मुख्य खर्च 14 वर्षं दरवर्षी सुमारे 6 टक्क्यांनी वाढत गेला. मग लोक दर विचारायला लागले, स्वस्त स्पर्धक आले. जानेवारी 2018 मध्ये डिग्निटीला साध्या अंत्यविधीचा दर 1,995 पौंडांवर आणावा लागला. शेअर एका दिवसात जवळपास निम्मा! 2019 मध्ये स्पर्धा नियामकाने अख्ख्या व्यवसायाची चौकशी लावली. सप्टेंबर 2021 पासून दुकानात आणि वेबसाईटवर दरपत्रक लावणं सक्तीचं झालं. 2023 मध्ये कंपनी शेअर बाजारातूनच बाहेर पडली.

मागणी होती तशीच होती. गेला तो मनमानी दर.

दुधनीत कुणी गेलं तर भाऊबंद, शेजारीपाजारी धावतात. पुण्या-मुंबईत मात्र हेच काम आता पैसे देऊन करून घेतात. म्हणजे धंदा आपल्याकडेही येतोय. म्हणून शेअर घेताना एकच विचारा : गिऱ्हाईकाने चार ठिकाणी दर विचारले, तरी हिचा नफा टिकेल का?

आणि स्वतः शववाहिका किंवा साहित्याचं दुकान काढणार असाल, तर दरपत्रक पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा. सरकारने सांगायची वाट कशाला बघायची?