कंट्रोलचं बटण कुणी काढलं?

सकाळी नालासोपाऱ्याहून चर्चगेट फास्टमध्ये शिरणारा माणूस बसायची आशा धरत नाही. गाडी विरारहूनच भरून आलेली असते. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि सगळी कामं एका अंगठ्यावर. शेजारचा रील्स बघतो, पलीकडचा लुडो खेळतो. मी टर्मक्स उघडतो.

टर्मक्स म्हणजे अँड्रॉइडवरचं फुकट टर्मिनल ॲप. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायच्या आणि पायथन, गिट वगैरे मोबाईलमध्येच चालवायचं. फोन रूटसुद्धा करावा लागत नाही. मी पायथन यावरच शिकलो. आईच्या डब्यांचा महिन्याचा हिशोब आता माझी स्क्रिप्ट करते: कुणाचे किती डबे, किती खाडे, किती उधारी.

क्लासच्या सरांना ती दाखवली तर ते हसले. ‘मोबाईलवर कोडिंग म्हणजे टाइमपास. आधी लॅपटॉप घे, मग ये.’ तेव्हा मी गप्प बसलो. आता बोलतो.

मोबाईल कमी पडतो हे खोटं आहे. १९७०च्या दशकात युनिक्स ज्या मशीनवर वाढलं, त्यांच्या कितीतरी पट ताकद आज साध्यातल्या साध्या स्मार्टफोनमध्ये आहे. कमी पडतो तो स्क्रीनवरचा कीबोर्ड. आणि तो कमी पडतो, कारण तो बनवणाऱ्यांनी आपल्याला गिऱ्हाईक धरलंय. गिऱ्हाईक मेसेज पाठवेल, सर्च करेल, ओटीपी टाकेल. मशीनला हुकूम देईल, हे त्यांच्या हिशोबातच नाही.

पुरावा हवा? जीबोर्ड उघडा आणि पाइपची उभी रेघ शोधा. आकड्यांच्या पानावर ती नाही, त्याच्याही पुढच्या पानावर आहे. महिरपी कंस तिथेच, उलटी तिरकी रेघ तिथेच. आता कंट्रोल, एस्केप आणि टॅब शोधा. या नेहमीच्या पानांवर ती बटणं नाहीतच. इमोजीला मात्र जागा कधी कमी पडली नाही.

ही काही शौकाची बटणं नाहीत. पहिल्याच आठवड्यात माझ्या स्क्रिप्टमधलं लूप थांबेचना. पडद्यावरून ओळी धावतायत, फोन तापतोय आणि मी नुसता बघतोय. शेवटी ॲपच बंद केलं. सुरू झालेला प्रोग्राम थांबवायला कंट्रोल-सी दाबतात, हे मला नंतर कळलं. १९६३ साली आस्की हे मानक आलं, तेव्हापासून काही आकडे अक्षरांऐवजी अशा हुकमांसाठी राखलेले आहेत. कंट्रोल-सी म्हणजे ३, टॅब म्हणजे ९, एस्केप म्हणजे २७. टर्मिनल आजही हीच भाषा बोलतं. मोबाईलच्या कीबोर्डने ती तोडून टाकली.

टर्मक्सवाल्यांनी यावर जुगाड केलाय. कीबोर्डच्या वर ते एस्केप, टॅब, कंट्रोल आणि बाणांच्या दोन ओळी देतात. शिवाय आवाज कमी करायचं बटण धरून ठेवलं की ते कंट्रोलचं काम करतं. म्हणजे ज्या बटणाने लोक गाण्याचा आवाज कमी करतात, त्या बटणाने मी प्रोग्राम थांबवतो.

त्रास आहेच. कीबोर्ड उघडला की अर्धा पडदा गेला. भाईंदरच्या खाडीपुलावर धक्का बसला की भलतंच अक्षर पडतं, आणि फाइल पुसायच्या कमांडमध्ये भलतं अक्षर महागात पडतं. ती कमांड मी गाडीत टाइपच करत नाही. ब्लूटूथ कीबोर्ड घे, असा सल्लाही मिळतो. घरी ठीक आहे. गाडीत तो ठेवू कुठे, पुढच्या माणसाच्या पाठीवर? लॅपटॉप सोयीचा आहे, पैसे जमले की मीही घेईन. पण सोय वेगळी आणि पात्रता वेगळी.

सर ज्याला खरं टूल म्हणतात त्या व्हीआयचंच बघा. बिल जॉयने ते एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर लिहिलं. त्यावर बाणांसाठी वेगळी बटणं नव्हती, एच, जे, के, एल या अक्षरांवरच बाण छापलेले होते. म्हणून व्हीआयमध्ये आजही कर्सर त्याच चार अक्षरांनी हलतो. हाताशी होता तो कीबोर्ड धरून त्याने काम केलं. त्याला कुणी टाइमपास म्हणत नाही.

म्हणून मागणी दोघांकडे आहे. कीबोर्ड बनवणाऱ्यांनी सेटिंगमध्ये एक स्विच द्यावा: कंट्रोल, एस्केप, टॅब आणि पाइपची एक ओळ. नको त्याने बंद ठेवावी. आणि शिकवणाऱ्यांनी मोबाईल घेऊन आलेल्या पोराला दारातून परत पाठवू नये. पहिल्या तासाला त्याला कंट्रोल-सी शिकवावं.

तोवर तुम्ही एफ-ड्रॉइडवरून टर्मक्स घ्या. चुकीचं लूप लिहा. मग आवाज कमी करायचं बटण धरा आणि सी दाबा.