अदृश्य दाराची डागडुजी



व्यापाऱ्याच्या पेढीला पूर्वी दोन दारे असत. पुढचे गिऱ्हाइकांसाठी, मागचे मालासाठी. आता तिसरे दार आले आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही. दुकान पाटणच्या बाजारपेठेत, जीएसटीचे विवरण भरणारे करसल्लागार कराडात आणि हिशेबाची प्रणाली सांभाळणारा तंत्रज्ञ पुण्यात, अशी आजची मांडणी असते. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा विंडोजमधील रिमोट डेस्कटॉप यांच्या साहाय्याने ही मंडळी दुरूनच आपला संगणक चालवतात. सोय मोठी आहे, म्हणूनच या दाराची निगा राखणे हेही मालकाचे काम झाले आहे.

अशा प्रणालींत लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेल्या फटी राहतात. फट सापडली की कंपनी तिची दुरुस्ती, म्हणजे ‘पॅच’, प्रसिद्ध करते. परंतु त्याच वेळी फट कोठे होती हेही जगाला कळते, आणि ते वाचणाऱ्यांत चोरही असतात. स्क्रीनकनेक्ट या दुरून संगणक चालवण्याच्या प्रणालीतील एक गंभीर फट १९ फेब्रुवारी २०२४ रोजी दुरुस्तीसह जाहीर झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत दुरुस्ती न केलेल्या ठिकाणी हल्ले सुरू झाले. म्हणजे दुरुस्ती निघाल्यानंतरचा विलंब हा आधीच्या अज्ञानापेक्षा अधिक घातक ठरतो.

आपल्या राज्यातील उदाहरण पाहावे. जून २०१७ च्या अखेरीस नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम संगणकीय हल्ल्यामुळे ठप्प झाले. तो हल्ला ज्या वाटांनी जगभर पसरला, त्यांतील एक वाट विंडोजमधील जुनी फट होती. मायक्रोसॉफ्टने तिची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने त्याच फटीतून हाहाकार माजवून इशाराही दिला होता. तरीही जगभरातील असंख्य संगणक तसेच राहिले.

आपल्या शास्त्रांत बंधाच्या कारणांत मिथ्यात्व, अविरती, कषाय आणि योग यांच्याबरोबर प्रमादाची गणना केली आहे. प्रमादाला दुष्ट हेतू लागत नाही; सावधपणा सुटला की पुरे. आस्रव आणि संवर समजावताना नावेचा दृष्टांत दिला जातो: छिद्र उघडे ठेवून पाणी उपसत बसल्याने नाव तरत नाही. हा दृष्टांत आजच्या पेढीलाही लागू पडतो. संगणकातील वहीत केवळ आपलेच धन नसते. गिऱ्हाइकांची उधारी, त्यांचे पॅन, बँक खात्यांचे क्रमांकही तेथे असतात. आपल्या आळसाची झळ त्यांना बसली, तर पिढ्यांनी कमावलेली साख कोणत्या जमेतून भरून काढणार?

उपाय अवघड नाहीत. दुकानातील कोणत्या संगणकावर दुरून प्रवेशाची कोणती प्रणाली आहे, याची यादी मालकाजवळ असावी. वापरात नसलेली प्रणाली काढून टाकावी; कायमचा पासवर्ड देऊन ठेवण्याऐवजी प्रत्येक वेळी आपण संमती द्यावी आणि काम संपताच जोडणी बंद करावी. अद्ययावत आवृत्ती कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी, फोनवर कुणी सांगितलेल्या दुव्यावरून कधीही नव्हे. एनीडेस्कच्या आडून खाती रिकामी करण्याच्या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. विंडोज ७ चे साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. असा संगणक असल्यास तंत्रज्ञाचा सल्ला घ्यावा. हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती संगणकापासून सोडवून ठेवावी. फसवणूक झालीच, तर संकोच न करता त्वरित १९३० या क्रमांकावर कळवावे.

दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत हे काम लांबवू नये. येत्या साप्ताहिक सुट्टीचा एक तास काढून, घरातील जाणत्या मुलामुलींना सोबत घेऊन ही यादी करावी, आणि पुढे दर महिन्याला त्याच दिवशी ती तपासावी.