पुसलेले ठिपके

दोन महिन्यांपूर्वी मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला सीड्रॅगनचा फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला. "अगंबाई, काय रंग आहेत!" म्हणून आत्याने तर तो डीपीला लावला, अजून आहे. इतकं कौतुक झाल्यावर गप्प बसणं सोपं होतं. पण परवापासून मन खातंय, म्हणून आज कबुली देऊन टाकते. तो फोटो मी बिघडवलेला आहे.

फोटो फ्लिंडर्सच्या धक्क्यापाशी काढला. मेलबर्नहून दीड तासावर आहे. आमच्या इकडच्या समुद्रात पोवळ्यांचे रंगीत बगीचे नाहीत. खडक, आणि त्यावर डोलणारं चामड्यासारखं तपकिरी केल्प. पाणी थंडगार, जाड वेटसूट घालूनही दात वाजतात. कधी हिरवट, कधी चहासारखं, आणि त्यात सतत तरंगणारा कचरा. त्या केल्पमधून एक पान सुटून वेगळंच पोहायला लागलं, तेव्हा कळलं की हा सीड्रॅगन. समुद्रघोड्याचा भाऊबंद, हातभर लांबीचा. यांच्यात अंडी बाबा सांभाळतात, शेपटीखाली चिकटवून. (हे वाक्य घरात मोठ्याने वाचून दाखवलं आहे.)

घरी येऊन बघते तर फोटो गढूळ. मग बसले संगणकापुढे. तपकिरी कमी केलं, निळा ओतला, लाल चढवला. फ्लॅशच्या उजेडात पाण्यातला कचरा पांढऱ्या ठिपक्यांसारखा चमकतो, तो एकेक करून पुसला. रात्री दीडपर्यंत चाललं होतं. आणि हौसेच्या भरात त्याच नावाने सेव्ह केलं. मूळ फोटो गेला.

नंतर सीड्रॅगनसर्च नावाच्या उपक्रमाबद्दल वाचलं. सीड्रॅगनच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. हौशी पाणबुडे आपले फोटो पाठवतात आणि ठिपके जुळवून कळतं, की गेल्या वर्षीचा हाच तो, म्हणजे जिवंत आहे, इथेच आहे. मी उत्साहाने माझा फोटो उघडला. मानेवर ठिपकेच नाहीत. पाण्यातल्या कचऱ्याबरोबर मी तेही पुसले होते. माझा सीड्रॅगन आता कुठलाच सीड्रॅगन नव्हता, नुसतं छान चित्र होतं.

तर माझं मत असं, की थंड पाण्यातल्या या जगाला ग्रेट बॅरिअर रीफचे कपडे घालणं बंद करावं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडे हे खडक आणि केल्प जवळजवळ ८००० किलोमीटर पसरलेत, आणि त्या सगळ्याला मिळून 'ग्रेट सदर्न रीफ' हे नाव मिळालं २०१६ मध्ये! इतकी वर्षं बिननावाचं राहिलेलं जग निदान स्वतःच्या रंगात तरी दिसू दे.

अ‍ॅना अ‍ॅटकिन्स ही बाई मला यासाठी फार आवडते. इंग्लंडमध्ये १८४१ साली विल्यम हार्वेने ब्रिटिश समुद्रशैवालांवर पुस्तक लिहिलं, पण त्यात चित्रंच नव्हती. शैवालाचे केसाएवढे बारीक तंतू हाताने हुबेहूब काढणं कठीण. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये सायनोटाइपची पद्धत शोधली होती. बाईंनी ती उचलली. रसायन लावलेल्या कागदावर खरं शैवाल ठेवायचं, वर काच, मग ऊन, मग साध्या पाण्याने धुवायचं. निळ्या कागदावर शैवालाची पांढरी आकृती, जशीच्या तशी, मूळ आकाराची. (पुढे इंजिनिअर लोकांचे निळे नकाशे याच पद्धतीने निघू लागले.) १८४३ पासून दहा वर्षं त्या हे करत होत्या. छायाचित्रं असलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणतात ते हेच. सही फक्त 'ए. ए.', पुढे एकाने त्याचा अर्थ 'अनामिक हौशी' असा लावला. असो, त्यावर वेगळी पोस्ट होईल.

तिथे रंग खरा नाहीच, सगळं निळं. तरी त्यात खोटं काही नाही. फाटलेलं पान फाटलेलंच उमटतं. पुसायची सोयच नव्हती, हे त्यांचं भाग्य म्हणायचं का?

हाच हार्वे १८५४ मध्ये ऑस्ट्रेलियात आला, पोर्ट फिलिपच्या तोंडाशीही शैवालं गोळा केली, आणि मग स्वतः काढलेल्या ३०० चित्रांचा ग्रंथ केला. त्याच्याही आधी, १८३२ च्या सुमारास, टास्मानियाच्या कैद्यांच्या वसाहतीत विल्यम ब्युलो गूल्ड नावाच्या कैद्याने जलरंगात मासे रंगवले. त्यात सीड्रॅगनही आहे. टास्मानियातली जायंट केल्पची जंगलं आता जवळजवळ ९५ टक्के गेली आहेत, पाणी तापलं म्हणून. गूल्डला काय ठाऊक, की तो कसली नोंद करतोय.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, रंग नसता तर आत्याने फोटो डीपीला लावला असता का? फ्लिंडर्सच्या धक्क्याचा जुना लाकडी भाग पाडायचं घाटत होतं, तेव्हा लोक सीड्रॅगनचे फोटो पुढे करूनच भांडले आणि तो वाचला. सुंदर दिसल्याशिवाय कोण भांडतं? यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण २०२५ च्या मार्चपासून साउथ ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर विषारी सूक्ष्मशैवाल माजलं आणि मेलेले मासे, शार्क, लीफी सीड्रॅगन वाळूवर येऊन पडले. तेव्हा किनाऱ्यावर फिरणाऱ्या साध्या माणसांनी मोबाइलवर फोटो काढले, जागा आणि तारीख लिहून पाठवले. त्यातून काय काय मेलं याची यादी तयार झाली. त्या फोटोंना कुणी निळा रंग ओतला नाही. ओतवलाच नसता.

रविवारी पुन्हा फ्लिंडर्सला गेले होते. तासभर कुडकुडल्यावर एक दिसला. मी पुसला तोच का, हे आता कधीच कळायचं नाही. फोटो मळकट आलाय, अर्धा केल्पमागे लपलाय, पण मानेवरचे ठिपके मोजता येतात. तारीख, जागा घालून पाठवून दिला. आत्या, तुलाही पाठवते. डीपी बदलायलाच हवा असा आग्रह नाही. :)