इचलकरंजीत चर्चा विजेची, कोंडी पाण्याची

इचलकरंजीत यंत्रमागधारकांची कोणतीही बैठक असो, तिथे पहिला ठराव होतो तो वीजदर सवलतीचा. त्यात नवल काही नाही. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे आणि आपल्याकडे फक्त माग व मजूर, अशा मजुरीवर चालणाऱ्या ‘खर्चीवाल्या’ यंत्रमागधारकांची संख्या या शहरात मोठी आहे. त्यांना मजुरी मिळते ती पिकाच्या हिशेबाने, पैशांत मोजून. वीज महागली म्हणून दुसऱ्या दिवशी मजुरी वाढवून मागण्याची सोय त्यांना नाही. त्यामुळे वीजबिलातील प्रत्येक वाढ सरळ त्यांच्या खिशातून जाते. तरीही या शहराचे खरे दुखणे आता केवळ विजेपुरते राहिलेले नाही, आणि राजकीय चर्चा मात्र अजून विजेभोवतीच घोटाळते आहे.

विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये येथे पहिला यंत्रमाग सुरू केला, तेव्हापासून हे गाव कापडावर वाढले. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे २ लाख ८७ हजार होती. मागांची संख्या लाखाहून अधिक सांगितली जाते. २०२२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पाटी बदलली, पण पहिली काही वर्षे कारभार प्रशासकाकडेच राहिला. ज्या सेवांवर उद्योग चालतो, त्यांपैकी वीज महावितरणकडे, पाणी महापालिकेकडे, सांडपाण्यावरील देखरेख प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि सवलतीचा निर्णय मंत्रालयात. गाऱ्हाणे नेमके कोणाच्या दारी न्यावे, हा छोट्या कारखानदारापुढचा नेहमीचा प्रश्न आहे.

आधी विजेचे पाहू. यंत्रमागांच्या सवलतीत २७ अश्वशक्तीची रेषा महत्त्वाची आहे. २७ अश्वशक्ती म्हणजे जवळपास २० किलोवॉट, आणि लघुदाब औद्योगिक ग्राहकांच्या दरातील टप्पाही २० किलोवॉटवरच बदलतो. साध्या मागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटार लागते. म्हणजे चोवीस मागांचा कारखाना रेषेच्या आत राहतो आणि आणखी चार-सहा माग टाकले की बाहेर जातो. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २७ अश्वशक्तीपर्यंतच्या मागांना प्रतियुनिट एक रुपया आणि त्यापुढील मागांना ७५ पैसे अशी अतिरिक्त सवलत मंजूर केली. त्याआधी २०२१ च्या अखेरीस ऑनलाइन नोंदणी न केलेल्या २७ अश्वशक्तीवरील मागांची सवलत थांबविण्यात आली होती आणि कारखानदारांना धावपळ करावी लागली होती. सवलत किती, यापेक्षा ती पुढच्या वर्षी असेल की नाही, या अनिश्चिततेचा जाच मोठा आहे. व्यापाऱ्याशी मजुरी ठरवताना वीजबिलाचा आकडाच पक्का नसेल, तर हिशेब मांडायचा कसा?

दराइतकाच प्रश्न पुरवठ्याच्या दर्जाचाही आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांतील भारनियमन अनेकांना आठवत असेल. तशी स्थिती आज नाही. पण विणकामात तासाभराच्या खंडाइतकेच दोन मिनिटांचे खंडही महागात पडतात. माग मध्येच थांबला की कापडावर आडवी रेघ उमटते आणि ती दिसली की व्यापारी मजुरी कापतो. शटललेस मागांवर दाब वरखाली झाल्यास इलेक्ट्रॉनिक भाग जळतात. याची कोणत्याही सवलतीत भरपाई नाही. दुसरीकडे, जुन्या मोटारींना योग्य कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर सुधारला तर बिलातील दंड टळतो. हा सल्ला तांत्रिक आणि नीरस आहे, म्हणून तो कोणत्याही मोर्चाच्या निवेदनात नसतो.

आता पाणी. विणकामाला पाणी फारसे लागत नाही. सायझिंगला लागते, आणि त्याहून कितीतरी अधिक ब्लीचिंग, रंगाई व प्रोसेसिंगला. येथील बरेचसे कोरे कापड पुढील प्रक्रियेसाठी अहमदाबाद, पाली, बालोत्रा या केंद्रांकडे जाते. कापडाची किंमत वाढते ती त्या टप्प्यावर, आणि तो टप्पाच शहराबाहेर आहे. याला इतरही कारणे असली, तरी पुरेसे पाणी आणि सांडपाण्याची खात्रीशीर व्यवस्था नसताना प्रक्रिया उद्योग येथे वाढण्याची अपेक्षा करणे धाडसाचेच ठरेल. अस्तित्वात असलेले कारखाने कूपनलिका आणि टँकरवर दिवस काढतात.

शहराला पाणी मिळते ते पंचगंगेतून आणि शिरोळ तालुक्यातील मजरेवाडीहून येणाऱ्या कृष्णा योजनेतून. कृष्णेच्या जलवाहिनीची गळती हा शहराच्या बोलण्यातील कायमचा विषय झाला आहे. पंचगंगेची अवस्था सर्वज्ञात आहे. २०१२ मध्ये शहरात काविळीची मोठी साथ आली आणि त्यात अनेकांचे बळी गेले. त्यानंतर शुद्ध पाण्यासाठी वारणेकडे पाहिले गेले. २०१८ मध्ये दानोळी व परिसरातील गावांनी योजनेला कडाडून विरोध केला. मग ‘अमृत २.०’मधून दूधगंगेवर सुळकूड येथून योजना आली. तिलाही २०२३ मध्ये कागल तालुक्यातून तसाच विरोध झाला आणि इचलकरंजीतूनही प्रतिआंदोलने झाली.

या विरोधाकडे केवळ ‘नदीकाठचे राजकारण’ म्हणून पाहणे सोयीचे असले, तरी पुरेसे नाही. शिरोळ तालुका पंचगंगेच्या खालच्या अंगाला आहे. कोल्हापूर आणि इचलकरंजीचे सांडपाणी त्याच गावांच्या काठाने वाहत जाते. शहरातील काळा ओढा प्रक्रिया उद्योगाचे पाणी घेऊन पंचगंगेला मिळतो. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, कारखान्यांवर बंदच्या नोटिसा बजावण्यात आल्या, सामूहिक प्रक्रिया प्रकल्पही उभा राहिला, पण गावकऱ्यांचा विश्वास परतलेला नाही. घाण खाली सोडणाऱ्या शहराने वरच्या बाजूचे स्वच्छ पाणी मागावे, हे त्यांना पटत नाही, आणि त्यांच्या बाजूला तर्क आहे.

त्यामुळे नवी नदी शोधण्याआधी वापरलेले पाणी पुन्हा वापरात आणण्याचा हिशेब मांडावा लागेल. शहराचे घरगुती सांडपाणी शुद्ध करून ते प्रक्रिया कारखान्यांना ठरावीक दराने दिले, तर कूपनलिका आणि टँकरवरील भार हलका होईल, नदीत जाणारे पाणी घटेल आणि पिण्याच्या पाण्यावरील उद्योगाचा दावाही कमी होईल. खर्च अर्थातच मोठा आहे: वाढीव शुद्धीकरण, वेगळी जलवाहिनी, आणि क्षारांचे प्रमाण रंगाईला चालेल इतके खाली आणणे. हा खर्च कारखानदार, महापालिका आणि राज्य शासन यांनी कसा वाटून घ्यायचा, याची वाटाघाट वीज सवलतीच्या मागणीबरोबर एकाच टेबलावर व्हायला हवी. त्यासाठी महापालिकेने आधी एक साधे काम करावे. शहरातील प्रक्रिया कारखाने आणि सायझिंग रोज किती पाणी कोठून घेतात आणि किती कोठे सोडतात, याची कारखानानिहाय मोजणी करून ती जाहीर करावी.