मेज कोणाच्या मापाचे?

गेल्या मासी एका भगिनीने पत्राने विचारले होते की, घरी बसून कचेरीचे काम करणाऱ्या सुनेसाठी मेज विकत घ्यावे की करवून घ्यावे. उत्तर दोन ओळींत देता आले असते. परंतु या विषयात आमच्या घरी जे घडले त्यात माझी फजिती बरीच आहे आणि ती वाचकांच्या उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

२०२० साली ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी सारा देश घरात बसला आणि आमच्या सूनबाईंची कचेरी जेवणाच्या टेबलावर येऊन उतरली. सकाळी नऊला संगणक मांडावा, साडेअकराला ताटे आली की उचलावा, दुपारी पुन्हा मांडावा, दिवेलागणीस मुलांच्या अभ्यासाकरिता पुन्हा उचलावा. पुढे कचेऱ्या उघडल्या, तथापि आठवड्यातील तीन दिवस घरचे काम कायम राहिले. अकरा माणसांच्या घरात तिची जागा दिवसातून चार वेळा हलत असे. ती काही बोलली नाही. तिच्या पाठीने बोलावयास आरंभ केला तेव्हा आमचे डोळे उघडले.

मेज करवून घेण्याचे मी ठरविले त्याचे कारण मात्र वेगळे होते. जुन्या नाशकातील आमच्या वाड्याची मागची पडवी उतरविली तेव्हा निघालेल्या सागाच्या पाच तुळया जिन्याखाली धूळ खात पडल्या होत्या. १९६९ च्या महापुराचे पाणी त्यांनी पाहिले होते. पावसाळा आला की गावठाणात आज या आळीतील, उद्या त्या आळीतील वाडा खचतो, आणि त्याचे लाकूड वखारीत जाते. ते पाहून जीव तुटतो. नाशिककरांना सागाची थोरवी सांगावयास नकोच. पश्चिमेस पेठ-सुरगाणा ओलांडले की डांगचे रान लागते. त्या रानातील लाकडासाठी इंग्रजांनी १८४२ साली तेथील राजांशी भाडेपट्टे केले होते. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागाचे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभे आहे. मग शंभर वर्षांच्या तुळईचे मेज का होऊ नये?

मी मोठ्या उत्साहाने नकाशा काढला. लांबी पाच फूट, रुंदी अडीच, उंची तीस इंच, दोन्ही बाजूंस तीन तीन खण आणि पुढे कोरीव महिरप. मिस्त्रींनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि इतकेच विचारले, “काका, बसणार कोण?”

मी सांगितले.

“त्यांना बोलवा की मग.”

ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी पाच फूट नऊ इंच, सूनबाई पुरत्या पाच फूट. मिस्त्रींनी तिला खुर्चीवर बसविले, तळपाय जमिनीला पुरते टेकविले, कोपर काटकोनात धरविले आणि जमिनीपासून कोपरापर्यंत अंतर मोजले. ते भरले साडेपंचवीस इंच! बाजारातील मेज तीस इंचांच्या आसपास असते. त्यावर तिला खांदे उचलून लिहावे लागले असते, नाहीतर खुर्ची उंच करून पाय लोंबकळत ठेवावे लागले असते. जेवणाच्या टेबलाने तिच्या पाठीचे काय केले होते ते तेथेच कळले. मेज सव्वीस इंचांचे ठरले. मांड्यांवर अडचण नको म्हणून समोरचा खण गाळला आणि एकच खण उजव्या अंगास घेतला. महिरप अर्थातच गेली.

अमेरिकेच्या अध्यक्षांचे प्रसिद्ध मेज ‘रेझोल्यूट’ नावाच्या जहाजाच्या ओक लाकडातून घडवून व्हिक्टोरिया राणीने १८८० साली भेट दिलेले. तेही रेगन यांच्या गुडघ्यांना लागू लागले तेव्हा १९८६ साली त्याखाली दोन इंचांची बैठक घालावी लागली. राणीने दिलेल्या मेजाची ही कथा, तर माझ्या नकाशाची काय मातब्बरी!

तुळई कापण्याचे काम सॉ-मिलमध्ये झाले. जुन्या लाकडाच्या पोटात लोखंड असते हे घरच्या माणसाने अगोदर पाहावे; आम्ही पाहिले नाही आणि करवतीचे एक पाते गेले. निघाला तो पाळण्याच्या कडीचा मोडका खिळा. माझ्या वडिलांचा पाळणा त्याच तुळईला असे, असे थोरल्या वहिनी म्हणाल्या. वरचा काळा थर निघताच आत सोनेरी पिवळे लाकूड आणि तो ओळखीचा तेलकट वास. तो वास घेत आम्ही सारे उगाच उभे राहिलो.

येथे एक तांत्रिक गोष्ट. साग शहाणा असला तरी लाकूडच. वैशाखात आक्रसते, श्रावणात फुगते, आणि ते रुंदीत. लांबीत जवळजवळ नाही. दोन फूट रुंदीचा पाट वर्षाच्या फेऱ्यात एकदोन सूत हलतो. तो चौकटीला सरसाने चिकटविला किंवा स्क्रूने आवळला की कधीतरी तडकणारच. म्हणून पाय व चौकट कूस-खाचेने पक्की जोडावी, आणि वरचा पाट मात्र खाचेत सरकणाऱ्या लाकडी आकड्यांनी नुसता धरून ठेवावा. पॉलिश वरून करतो तसेच खालूनही करावे. एकाच बाजूने केले तर पाट वाकतो. खिडकीचा उजेड बाजूने यावा, संगणकाच्या पडद्याच्या समोरून वा मागून नको.

सूनबाईंनी आपण होऊन मागितले ते एकच : खणाला कुलूप.

यावरून घरात दोन दिवस कुजबुज झाली. एका चुलीवर जेवणाऱ्या घरात कुलूप कोणाविरुद्ध? धाकट्या बंधूंनी तर हे स्पष्टच विचारले. मलाही ते खटकले, हे कबूल करतो. परंतु रात्री आठवले की आजोबांचे ओसरीवरील उतरत्या झाकणाचे डेस्क सदैव कुलुपात असे. किल्ली त्यांच्या जानव्याला, आणि त्यावर अवाक्षर काढण्याची कोणाची छाती नव्हती. आम्हाला त्यात अविश्वास दिसला नाही, कारण डेस्क आजोबांचे होते.

मी हे बोलून दाखविण्यापूर्वीच थोरल्या वहिनी उठल्या. या तुळयांचे देवघर व्हावे असा त्यांचा आग्रह होता आणि मेजाला त्यांचा विरोधच होता. लग्नात माहेराहून आणलेली आपली पत्र्याची ट्रंक त्यांनी माजघराच्या खिडकीखालून स्वतः ओढून बाजूला केली. “मेज येथे बसेल,” म्हणाल्या. “या ट्रंकेची किल्ली पन्नास वर्षे माझ्या कमरेला आहे. आत काय आहे हे तुमच्या दादांनीसुद्धा कधी विचारले नाही.” पुढे कोणी काही बोलले नाही. उरलेल्या दोन तुळयांचे देवघर दिवाळीनंतर करावयाचे ठरले आहे.

मेज बसून आता दुसरा पावसाळा सुरू आहे. पाठ पुष्कळ बरी आहे. मुलांना त्या मेजावर दप्तर टाकण्याची मनाई आहे, ती ते रोज मोडतात. गेल्या श्रावणात खण अडकला. मिस्त्रींनी येऊन एका अंगाने अर्धा सूत रंधा मारून दिला, आणि त्या वेळी तो रिकामा करावा लागला तेव्हा आम्ही सारे आपण होऊन ओसरीवर जाऊन बसलो.