उरलेले आणि उष्टे

विमानप्रवास ही आता संस्थानिकांची आणि कारखानदारांची मिरास राहिलेली नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे निघालेले निवृत्त शिक्षक, सकाळी दिल्लीस जाऊन रात्री मुंबईस परतणारा अधिकारी, परीक्षेसाठी नागपूर गाठणारा विद्यार्थी, असे आमचे अनेक वाचक या ना त्या निमित्ताने विमानात बसलेले असतात. आपल्यापुढे आलेल्या तबकातील भाताचा कोरडेपणा आणि पावाचा थंडपणा यांविषयी त्यांचे मतही ठाम असते. परंतु जे तबक कोणाच्याच पुढे गेले नाही, त्याचे काय होते, हा प्रश्न फारच थोड्यांच्या मनात येत असेल. कोणी प्रवासी झोपी गेलेला असतो, कोणी घरून पोळीभाजी खाऊन निघालेला असतो, कोणाचे विमानच चुकलेले असते. त्यांच्या वाट्याचे अन्न जसेच्या तसे उरते. विमान उतरल्यावर ते ढकलगाड्यांत बंद करून खाली नेले जाते आणि त्यातील बहुतेकाची वाट कचऱ्याकडे लागते. ज्या कर्मचाऱ्यांनी ते गरम केले, वाटले, त्यांच्यापैकी एखाद्याने एक बंद पाकीट पिशवीत घालून घरी नेले, तर अनेक कंपन्यांच्या नियमांनुसार तो अपराध ठरतो. अशा कारणावरून कारवाई झाल्याच्या बातम्या आपल्या देशातही येऊन गेल्या आहेत. अन्न टाकून देणे हे कर्तव्य आणि ते घरी नेणे हा गुन्हा, ही व्यवस्था कशी निर्माण झाली आणि तिच्यामागील कोणती कारणे आज टिकण्याजोगी आहेत, याचा विचार करण्यासाठी आम्ही आज पहिल्या पानावरील ही जागा योजिली आहे.

मराठी भाषेने या बाबतीत जी सूक्ष्मता दाखविली आहे, ती नियमपुस्तकांच्या भाषेत आढळत नाही. उरलेले, शिळे, उष्टे आणि खरकटे हे चार शब्द आपल्या घरातील लहान मुलासही वेगवेगळे कळतात. पातेल्यात राहिले ते उरलेले. रात्र उलटली की तेच शिळे. कोणाचा हात वा तोंड लागले की उष्टे. आणि पान उचलल्यावर मागे राहते ते खरकटे. शिळ्या पोळीला फोडणी मिळते, उष्टे आई आपल्या लेकराचे खाते, खरकटे गुरांपुढे जाते. विमान कंपनीच्या लेखी मात्र या चारही वस्तूंचे नाव एकच : केबिनमधील कचरा. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने २०१६ सालासाठी या कचऱ्याचा जो अंदाज केला तो जगभर मिळून सुमारे ५२ लाख टनांचा होता, आणि त्यातील बराच भाग झाकण न उघडलेल्या खाद्यपेयांचा असतो. शाळेत गणित शिकविणाऱ्यास या आकड्याचे कौतुक वाटो. आम्हांस त्यातील उष्टे किती आणि उरलेले किती, हे अधिक महत्त्वाचे वाटते.

हे उरते तरी का, हे आधी पाहिले पाहिजे. विमानातील जेवण विमानात शिजत नाही. ते विमानतळाजवळील मोठ्या स्वयंपाकगृहात शिजते, झपाट्याने थंड केले जाते, थंडच विमानात चढते आणि वर भट्टीत पुन्हा गरम होते. किती पाने चढवावयाची हे आरक्षणाच्या आकड्यावरून उड्डाणाच्या काही तास आधी ठरते. ऐनवेळी न आलेला प्रवासी जमिनीवर राहतो, त्याचे पान मात्र आकाशात जाते. त्यातून आपल्या देशात शाकाहारी आणि मांसाहारी अशी दोन दले. शाकाहारी पान संपले आणि शेवटच्या रांगेतील गृहस्थास ते मिळाले नाही, तर जो प्रसंग उद्भवतो तो तेथील कर्मचाऱ्यांनाच ठाऊक. म्हणून दोन्ही प्रकार थोडे जास्तच चढविले जातात. एअर इंडियाने २०१७ साली देशांतर्गत उड्डाणांच्या सामान्य वर्गातून मांसाहारी जेवण काढून टाकले, तेव्हा नासाडी आणि खर्च कमी करणे हेच कारण पुढे केले होते. त्यावर आहारस्वातंत्र्याचा वाद बराच माजला, नासाडीच्या मुद्द्याकडे कोणी फारसे वळले नाही, आणि पुढे मालकी बदलल्यावर मांसाहार परतला.

पडद्याआडच्या त्या चिंचोळ्या जागेत प्रवाशांचे खाणे आटोपल्यावर काय चालते? कर्मचाऱ्यांसाठी अनेक कंपन्या वेगळे जेवण ठेवतात; काही ठिकाणी ते तुटपुंजे असते, आखूड उड्डाणांत ते खाण्यास वेळच मिळत नाही. मग उभ्याउभ्याच, एक हात भट्टीच्या दारावर ठेवून, उरलेल्या पानांपैकी एखादे उघडले जाते. बहुतेक वरिष्ठ तिकडे काणाडोळा करतात. म्हणजे नियम एक सांगतो, रीत दुसरीच असते, आणि या दोहोंमधील अंतर वरिष्ठाच्या मर्जीवर अवलंबून राहते. ‘हवाई सुंदरी’ हा शब्द मराठीत ज्याने रूढ केला त्याने या वर्गावर थोडा अन्यायच केला, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. दहा-दहा तास उभे राहून दोन-तीनशे माणसांस वाढणाऱ्यास आपल्याकडे वाढपी म्हणतात. आपल्या लग्नाकार्यात वाढपी शेवटच्या पंगतीस बसतो. जे उरले असेल ते हक्काने वाढून घेतो. यजमानीणबाई त्यास आग्रह करतात. त्याने जिलबी खाल्ली म्हणून त्याच्या खिशाची झडती घेतल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

असे असले तरी, नियम करणाऱ्यांस केवळ निर्दय म्हणून मोकळे होणे योग्य नव्हे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांतील अन्नावर जे कडक निर्बंध आहेत त्यांना फार मोठी किंमत मोजून मिळालेला अनुभव कारणीभूत आहे. १९५७ साली लिस्बन विमानतळाजवळील डुकरांना विमानांतून उतरलेले खरकटे घालण्यात आले आणि तोवर आफ्रिकेपुरता असलेला आफ्रिकी वराहज्वर प्रथमच युरोपात शिरला, असे पशुवैद्यक मानतात. तो उद्रेक आटोक्यात आला. परंतु १९६० साली रोग पुन्हा उपटला आणि पोर्तुगाल व स्पेनमधून त्याचे उच्चाटन होण्यास १९९०चे दशक उजाडावे लागले. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ-खुरकुताची जी भयंकर साथ आली, तिचे मूळ नॉर्थम्बरलँडमधील एका वराहपालन केंद्रात नीट न उकळलेले खरकटे घातल्यात सापडले. ते खरकटे विमानातील नव्हते, पण धडा तोच होता. साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली आणि खरकटे खाऊ घालण्यावर त्याच वर्षी बंदी आली. युरोपीय संघाने बाहेरून येणाऱ्या वाहनांतील खाद्यकचरा सर्वाधिक धोक्याच्या वर्गात टाकला असून तो जाळावा किंवा खोल पुरावा लागतो. अमेरिकेतही तो जाळावा लागतो किंवा पाणी उकळण्याच्या तपमानावर अर्धा तास तापवून निर्जंतुक करावा लागतो. वराहज्वराने २०२० साली आसाम व अरुणाचलमार्गे आपल्याही देशात प्रवेश केला आहे. तेव्हा लंडनहून आलेल्या विमानातील सॉसेज सहार गावच्या उकिरड्यावर जाऊ नये, हे आम्हांस पूर्णतः मान्य आहे.

दुसरे कारण माणसाच्या प्रकृतीचे. १९७५ च्या फेब्रुवारीत जपान एअरलाइन्सचे एक विमान अलास्कातील अँकरेजहून कोपनहेगनकडे जात असता न्याहारीनंतर जवळजवळ दोनशे प्रवासी ओकाऱ्या व जुलाबांनी आडवे पडले. अँकरेजच्या एका आचाऱ्याच्या बोटावर पिकलेली जखम होती. तिच्यातील जंतू हॅममध्ये गेले आणि ते अन्न तासन्‌तास पुरेशा थंडाव्याविना राहिल्याने फोफावले. वैमानिकांनी ती न्याहारी घेतली नव्हती म्हणून विमान सुखरूप उतरले. त्यानंतर दोन्ही वैमानिकांनी एकच पदार्थ खाऊ नये या दक्षतेचे महत्त्व साऱ्या जगास पटले. एकदा गरम केलेला भात पुन्हा थंड करून, टेम्पोत घालून, दुपारच्या उन्हात अनाथाश्रमास पोहोचवा, असे सुचविणाऱ्या सहृदय मंडळींनी ही हकीकत ध्यानात ठेवावी. पुण्याच्या हेतूने दिलेले अन्नही बाधते.

आमचा आक्षेप याच्या पुढे सुरू होतो. ही दोन्ही कारणे जेथे मुळीच लागू नाहीत, तेथेही त्यांचा आडोसा घेतला जातो. मुंबई-नागपूर विमान कोणतीही राष्ट्रीय सीमा ओलांडत नाही. त्यातील बिस्किटांच्या पुड्यामुळे कोणत्या देशाच्या वराहांस धोका आहे? मोहोरबंद दही, फळांच्या रसाची डबी, लोण्याची वडी यांवर मुदत छापलेली असते. ती संपण्यापूर्वी त्या वस्तू निरुपयोगी कशा ठरतात? ज्या विमानांत खाद्यपदार्थ विकत मिळतात, तेथे न विकलेला काजूचा डबा कोणी जाळीत नाही; त्याची मोजदाद होते आणि पुढच्या उड्डाणात तो पुन्हा विक्रीस निघतो. तिकिटाच्या पैशांत दिला की तो कचरा आणि सुटा विकला की तो माल, हा भेद आरोग्यशास्त्राने केलेला नाही. मोजण्याचे, वेगळे काढण्याचे, थंड ठेवण्याचे श्रम फेकून देण्याच्या श्रमापेक्षा महाग पडतात, एवढेच त्यामागील खरे कारण आहे. विमान तासाभरात पुन्हा उडवावयाचे असते आणि त्या तासात फेकणे सर्वांत सोपे असते.

राहता राहिला चोरीचा मुद्दा. उरलेले घरी नेण्याची मुभा दिली तर कर्मचारी मुद्दाम कमी वाढतील, चांगले ते दडवून ठेवतील, अशी भीती व्यवस्थापकांस वाटते. ती सर्वस्वी खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. माणसे सर्वत्र सारखीच. मद्याच्या बाटल्या आणि विक्रीचा माल यांच्या बाबतीत कडक हिशेब हवाच. परंतु घरी नेणे आणि विमानातच खाणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. सर्व प्रवाशांस विचारून झाल्यावर उरलेले पान कर्मचाऱ्यांनी विमानातच खावे, यात ना रोगाचा प्रश्न, ना सीमाशुल्काचा, ना दडवणुकीचा. काही कंपन्या हे मान्य करतात, काही मौन पाळतात. हे मौन आम्हांस सर्वांत घातक वाटते; कारण मौनाचा अर्थ शिस्तभंगाच्या चौकशीच्या दिवशी लावला जातो, आणि तो तरुण, कंत्राटी, नव्या कर्मचाऱ्याच्या विरुद्धच लागतो. सेवा संपल्यावर उरलेले अन्न कर्मचाऱ्यांनी खाण्यास हरकत नाही, हे एक वाक्य प्रत्येक कंपनीच्या नियमपुस्तकात छापील स्वरूपात असावे, ही आमची पहिली मागणी आहे.

दानाविषयी थोडे सावधपणे लिहावे लागते. मुंबई विमानतळापासून काही तासांच्या अंतरावर जव्हार-मोखाड्याचा प्रदेश आहे. १९९२-९३ साली तेथील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्राची झोप उडविली होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आहेत. विमानातील लोण्याच्या वड्यांनी हे पालटेल असा भाबडेपणा आमच्या ठायी नाही. शिवाय उष्टे दुसऱ्याच्या ओंजळीत टाकण्याच्या आपल्या परंपरेस एक काळी बाजू आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत आपल्या बांधवांस मृत जनावरांचे मांस आणि उष्ट्यामाष्ट्या तुकड्यांचे जिणे सोडण्यास सांगितले, ते पोट भरलेले होते म्हणून नव्हे. तेव्हा जे द्यावयाचे ते स्वच्छ, मोहोरबंद, मुदतीच्या आतील आणि आपण स्वतः खाऊ असे असले पाहिजे. सुदैवाने याची चौकट तयार आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ साली उरलेल्या अन्नाचे संकलन व वाटप यांविषयी स्वतंत्र विनियम केले असून दाता व वाटप करणारी संस्था या दोघांची कर्तव्ये त्यात घालून दिली आहेत. देशांतर्गत उड्डाणांतून उतरणारे मोहोरबंद जिन्नस आणि भट्टीत न गेलेली थंड पाने या विनियमांखाली आणण्यास नवा कायदा लागत नाही. विमानतळावर एक शीतगृह, एक नोंदवही आणि दोन माणसे लागतात.

परंतु अन्न उरूच न देणे हा मार्ग सर्वांत स्वस्त आहे आणि त्यात प्रवाशालाही काम आहे. ज्या जपान एअरलाइन्सच्या विमानात १९७५ साली तो अनर्थ घडला, त्याच कंपनीने २०२० पासून प्रवाशास आपले जेवण आधीच नाकारण्याची सोय करून दिली. त्याच्या मोबदल्यात गरीब देशांतील शाळकरी मुलांच्या आहारासाठी ती देणगी देते. आपल्याकडे तिकीट काढताना खिडकीची जागा हवी की वाटेजवळची, विमा हवा काय, सामान किती, असे दहा प्रश्न विचारले जातात. ‘जेवण नको’ ही अकरावी चौकट तेथे सर्वत्र असावी आणि ती उड्डाणाच्या आदल्या दिवसापर्यंत उघडी राहावी. रात्री अकराच्या विमानात घरून जेवून निघालेला मराठी माणूस ती चौकट भरील अशी आमची खात्री आहे. विशेषतः तिच्यापुढे तिकिटातून पन्नास रुपये कमी होतील असे लिहिलेले असेल तर.